"आजवर काही झाले नाही" या वाक्याला तुम्ही काय उत्तर देता?

रात्रपाळी

नमस्कार. मी एका रसायन कारखान्यात उत्पादन विभागात काम करतो. आमच्या एका रिॲक्टरवर (रासायनिक क्रिया घडवण्याच्या भांड्यावर) तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की रसायन आत सोडणारा डोझिंग पंप आपोआप बंद पाडणारा इंटरलॉक आहे. गेल्या महिन्यात तो उगाचच ट्रिप देऊ लागला. एका रात्रीत चार वेळा पंप बंद पडल्यावर कोणीतरी पॅनेलमागे दोन टर्मिनलांमध्ये निळ्या वायरचा बोटभर तुकडा अडकवला आणि ट्रिप येणे थांबले, म्हणजे इंटरलॉकच निकामी झाला. सहा दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी मी पॅनेल उघडले, तेव्हा तो तुकडा माझ्या नजरेस पडला. लॉगबुकात त्याची नोंद नव्हती. या सहा दिवसांत अकरा बॅच निघाल्या होत्या आणि सगळ्या व्यवस्थित निघाल्या होत्या.

मी वरिष्ठांकडे विषय काढला तेव्हा ते रागावले नाहीत, उलट हसून म्हणाले, "सहा दिवस झाले, काही झाले का?" त्या क्षणी मला खरोखरच उत्तर सुचले नाही, कारण काहीच झाले नव्हते. स्फोट आणि आगी यांच्या बातम्यांत "मानवी चूक" हा शब्द आपण नेहमी वाचतो. ती चूक नेमकी कोणत्या दिवशी घडलेली असते, आणि ती घडत असताना समोरच्याला ती कशी दाखवून द्यावी, याबद्दल जाणकारांनी लिहावे.

पारा_चढला

वरिष्ठांना सांगा की सीटबेल्ट न लावताही मनुष्य रोज घरी सुखरूप पोहोचतो, फक्त शेवटच्या दिवशी पोहोचत नाही.

अंकगणित

या वाक्याला गणिताचे सरळ उत्तर आहे. समजा, इंटरलॉक नसताना प्रत्येक बॅचमागे अपघाताची शक्यता दोनशेत एक आहे. हा धोका कोणताही कारखाना शुद्धीवर असताना पत्करणार नाही. तरीही अकरा बॅच निर्विघ्न पार पडण्याची शक्यता जवळजवळ ९५ टक्के येते आणि शंभर बॅच निर्विघ्न पार पडण्याची शक्यता ६० टक्के. म्हणजे शंभर बॅचनंतर "काही झाले का?" असे विचारणारा मनुष्य बहुतेक वेळा जिंकणारच. शंभरात एक इतका मोठा धोका असला तरी तीनशे बॅच लागोपाठ सुरळीत जाण्याची शक्यता सुमारे पाच टक्के उरते. तुमच्या अकरा बॅचवरून धोका कमी असल्याचे काहीच सिद्ध होत नाही, एवढेच उत्तर पुरेसे आहे.

जुना_ढवळ्या

अंकगणित यांचे म्हणणे बरोबर आहे, पण रात्री अडीच वाजता शिफ्ट इन्चार्जला टक्केवारी ऐकवून उपयोग नसतो. त्याला गोष्ट सांगावी लागते. मी अशीच एक सांगतो.

नायट्रेशनची (नायट्रिक ॲसिडशी क्रिया घडवण्याची) बॅच चालू होती. ढवळणीची मोटर ट्रिप झाली, पण ॲसिडचे डोझिंग तसेच चालू राहिले, कारण पंप आणि ढवळणी यांच्यात इंटरलॉक नव्हता. हे लक्षात यायला वीस मिनिटे लागली. तोवर जड ॲसिड तळाशी साचले होते आणि ज्याच्याशी त्याची क्रिया व्हायची तो सेंद्रिय द्रवाचा थर वर शांत पडून होता. तापमानमापक आदर्श आकडा दाखवत होता, कारण दोन्ही थर एकमेकांत मिसळतच नव्हते. माझ्या हाताखालच्या मुलाने "मोटर रिसेट केली आहे, सुरू करू का?" असे विचारले आणि त्याचा हात बटणाकडे गेला.

आमच्याबरोबर एक वयस्कर ऑपरेटर होते. ते एक शब्दही न बोलता एमसीसी रूममध्ये (मोटरांच्या विद्युत नियंत्रणाच्या खोलीत) गेले, मोटरचे तिन्ही फ्यूज उपसून काढले आणि स्वतःच्या खिशात घालून परत आले. नंतर म्हणाले, "आता सावकाश बोलू." ढवळणी त्या क्षणी सुरू झाली असती, तर वीस मिनिटांचे साचलेले ॲसिड एकदम मिसळले असते आणि जी उष्णता तासाभरात बाहेर पडायची ती काही सेकंदांत बाहेर पडली असती. आम्ही रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये ब्राइन (थंड खारे पाणी) चालूच ठेवले आणि तळाचा ॲसिडचा थर थोडाथोडा करून भरपूर थंड पाण्याच्या टाकीत सोडला. सकाळपर्यंत ते फ्यूज त्यांच्या खिशातच होते.

बॅच वाया गेली म्हणून आमच्याकडे लेखी खुलासा मागितला गेला, हेही सांगून ठेवतो.

वाचनमात्र

जुना_ढवळ्या, अंगावर काटा आला. मी या क्षेत्रातला नाही, म्हणून एक प्राथमिक प्रश्न विचारतो. प्रयोगशाळेत हीच क्रिया लोक काचेच्या भांड्यात सहज करतात, मग मोठ्या भांड्यात ती एवढी धोकादायक का होते?

प्रयोगवही

मी प्रक्रिया विकासात काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या डोकेदुखीचा आहे. उष्णता द्रवाच्या संपूर्ण आकारमानात निर्माण होते, पण ती बाहेर पडते ती फक्त भांड्याच्या भिंतीतून. एक लिटरच्या भांड्यावरून त्याच आकाराच्या आठ हजार लिटरच्या रिॲक्टरवर गेलो तर आकारमान ८००० पट वाढते आणि पृष्ठभाग मात्र ४०० पटच वाढतो. प्रत्येक लिटरच्या वाट्याला येणारी थंड भिंत वीस पटींनी कमी होते. काचेच्या भांड्यात जी उष्णता आमच्या लक्षातही येत नाही, ती तिथे कोंडून राहते.

दुसरी बाजू वेगाची आहे. ढोबळ मानाने दर दहा अंशांना क्रियेचा वेग दुप्पट होतो. जॅकेटमध्ये २० अंशांचे पाणी आहे आणि आतले मिश्रण ६० अंशांवर आहे असे धरा. काही कारणाने मिश्रण ९० अंशांवर गेले तर उष्णता निर्माण होण्याचा वेग आठ पट होतो, पण तापमानातला फरक ४० वरून ७० वर गेल्यामुळे थंडावा जेमतेम पावणेदोन पट वाढतो. ही शर्यत एकदा हातातून निसटली की पाण्याचा व्हॉल्व्ह कितीही उघडा, ती परत जिंकता येत नाही. रनअवे म्हणतात तो हाच.

रात्रपाळी यांच्या वरिष्ठांसाठी माझ्याकडे एक आकडा आहे: १७५. अमेरिकेतील जॅक्सनव्हिल येथे टी-टू लॅबोरेटरीज या कंपनीत १९ डिसेंबर २००७ रोजी स्फोट झाला, तो याच उत्पादनाच्या १७५व्या बॅचमध्ये. वितळलेल्या सोडियमची क्रिया चालू असताना थंड पाण्याची व्यवस्था बिघडली आणि त्या व्यवस्थेला पर्याय नव्हता. ऑपरेटरने अडचण कळवली, त्यानंतर साधारण दहा मिनिटांत रिॲक्टर फुटला. चार जण मृत्युमुखी पडले आणि ३२ जखमी झाले. पहिल्या दहा बॅचपैकी काहींमध्ये अनपेक्षित तापमानवाढ दिसली होती. नंतरच्या बॅच चांगल्या निघत गेल्या आणि ती गोष्ट मागे पडली. तापमान १९९ अंशांच्या आसपास गेले की सोडियम आणि द्रावक यांच्यातच दुसरी, अधिक उग्र क्रिया सुरू होते, हे मालकांना माहीतच नव्हते.

गेज_वाचक

मी इन्स्ट्रुमेंटेशनमधला (मोजमापाची उपकरणे सांभाळणारा) आहे आणि या धाग्यावर थोडी उलट बाजू मांडतो. बायपास (असा इंटरलॉक वायर अडकवून निकामी करणे) म्हटले की सगळे इन्स्ट्रुमेंटवाल्याकडे बोट दाखवतात. पण खोटी ट्रिप हीसुद्धा निरुपद्रवी नसते. प्रत्येक ट्रिपनंतर प्लांट पुन्हा सुरू करावा लागतो, आणि बंद करताना व सुरू करताना जितके अपघात होतात तितके स्थिर चालू असताना होत नाहीत.

अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेल रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी १५ माणसे गेली ती प्लांट सुरू करतानाच. टॉवर द्रवाने काठोकाठ भरत होता आणि पातळी दाखवणारे उपकरण मात्र ती हळूहळू उतरत असल्याचे सांगत होते. मृत पंधराही जण ठेकेदारांची माणसे होती, जवळच ठेवलेल्या तात्पुरत्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास होती. त्याआधी बहुतेक वेळा टॉवर सुरू करताना पातळी मर्यादेबाहेर गेली होती आणि काही झाले नव्हते. वरिष्ठांचे वाक्य तिथेही लागू होतेच.

म्हणून माझे मत असे, की बायपास कधीच करायचा नाही हा नियम टिकत नाही. लोक मग चोरून वायर अडकवतात. बायपासला कागद, मुदत आणि बदली व्यवस्था हवी. सेन्सर दुरुस्त होईपर्यंत एक माणूस स्थानिक तापमापकासमोर बसवा, दर पाच मिनिटांनी नोंद घ्यायला लावा आणि पंपाचे बटण त्याच्या हाताशी द्या. नव्या प्लांटमध्ये तीन सेन्सर बसवतात आणि तीनपैकी दोघांचे एकमत झाले तरच ट्रिप येते. एका सेन्सरच्या लहरीवर प्लांट नाचत नाही. रात्रपाळी, तुमच्याकडे सेन्सर किती आहेत?

रात्रपाळी

एकच. तो खोटी ट्रिप का देत होता, हे अजून कोणी तपासलेले नाही.

पारा_चढला

तीनपैकी दोघांचे एकमत ही पद्धत आमच्या उत्पादन बैठकीतही लागू करावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

ठिणगी

मी वेल्डिंगच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. "मानवी चूक" म्हणून जो माणूस बातमीत येतो तो बहुधा आमच्यातला असतो, म्हणून लिहितो.

हॉट वर्क परमिट (ज्योत किंवा ठिणगीच्या कामाची परवानगी) सकाळी नऊला मिळते. सेफ्टीचा माणूस टाकीच्या मॅनहोलवर एलईएल मीटर (हवेतली ज्वालाग्राही वाफ मोजणारे) धरतो, शून्य आकडा येतो, सही होते. काम दुपारी तीनला सुरू होते. बहुतेक द्रावकांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती टाकीच्या तळाशी, गटारात, पाइपच्या वाकात जाऊन बसते आणि ऊन चढले की पुन्हा वर येते. वर धरलेल्या मीटरला तिचा पत्ता नसतो. मी आता तीन ठिकाणी, म्हणजे वर, मध्ये आणि तळाशी, आणि काम सुरू होण्याच्या अगदी आधी मोजल्याशिवाय माणसाला टॉर्च पेटवू देत नाही. दोन कारखान्यांनी मला यावरून "वेळखाऊ" ठरवले आहे.

आणि रिकामा ड्रम ही जगातली सर्वांत फसवी वस्तू आहे. भरलेल्या ड्रममध्ये वाफेला जागा कमी असते, रिकाम्यात ती पूर्ण ड्रमभर असते. झाकण कापायला ग्राइंडर लावला की ड्रमचा तळ उडतो.

वाचनमात्र

मोबाइल फोनमुळे खरोखर स्फोट होतो का? प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर तो काढून घेतात.

गेज_वाचक

फोन ज्वालाग्राही क्षेत्रासाठी प्रमाणित केलेला नसतो, म्हणून तो आत नेत नाहीत आणि तो नियम योग्यच आहे. पण फाटकावर फोन जमा करून घेणारी माणसे आतमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावडर थेट टोल्युइन या ज्वालाग्राही द्रावकात ओतताना मी पाहिली आहेत.

प्रयोगवही

गेज_वाचक यांनी माझ्या मर्मावरच बोट ठेवले. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते तो) सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नेहमीच्या तापमानाला रिॲक्टरच्या मोकळ्या जागेत पेटू शकणारे मिश्रण तयारच असते, फक्त ठिणगीची वाट असते. टोल्युइन विजेचा वाहक नाही, त्यामुळे पाइपमधून वाहताना किंवा उंचावरून पडताना त्यात स्थिर विद्युतभार साठत राहतो. त्यात प्लॅस्टिकच्या अस्तराच्या पिशवीतून कोरडी पावडर घसरली की पिशवी, पावडर आणि माणूस तिघेही भारित होतात.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हे डोळ्यांनी पाहिले. ऑपरेटरने चौथी पिशवी झटकली आणि मॅनहोलमधून निळसर ज्योतीची एक जीभ बाहेर येऊन परत आत गेली. आवाज जाड कापड झटकावे तेवढाच झाला. त्याच्या भुवया आणि मनगटावरचे केस जळाले, बाकी काही नाही. आतला ऑक्सिजन हटवणाऱ्या नायट्रोजनचा व्हॉल्व्ह त्या दिवशी उघडलेलाच नव्हता. अर्थिंगची क्लिप रिॲक्टरला लावलेली होती, पण रंगाच्या थरावर लावलेली होती, म्हणजे ती नसल्यासारखीच होती.

तेव्हापासून आम्ही पावडर आधी भरतो, झाकण लावतो, नायट्रोजनने आतला ऑक्सिजन आठ टक्क्यांखाली आणतो आणि मगच द्रावक हळूहळू, तळापर्यंत नेलेल्या नळीने सोडतो. नायट्रोजनला वास नसतो आणि तो माणसालाही गुदमरवतो, त्यामुळे तशा रिॲक्टरमध्ये डोकावायलाही बंदी आहे.

अंकगणित

केवळ द्रावकच पेटतात असे नाही. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील इम्पीरियल शुगर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ जण दगावले. सायलोंखालचा (साठवणीच्या उंच कोठ्यांखालचा) कन्व्हेयर पट्टा साखर स्वच्छ राहावी म्हणून नुकताच पत्र्यांनी बंदिस्त केला होता. पूर्वी मोकळ्या हवेत विरून जाणारी धूळ त्या पेटीत साठली. पहिला स्फोट त्या पेटीत झाला, पण त्या धक्क्याने इमारतीत जागोजागी साचलेली धूळ उडाली आणि ती पेटत गेली. सुधारणा म्हणून केलेला बदल हाही बदलच असतो.

जुना_ढवळ्या

बदलाचा विषय निघाला म्हणून फ्लिक्सबरोची आठवण करून देतो, कारण रात्रपाळी यांच्या निळ्या वायरचा तो थोरला भाऊ आहे. इंग्लंडमधील या कारखान्यात सायक्लोहेक्झेन या ज्वालाग्राही द्रवाचे सहा रिॲक्टर एकापुढे एक जोडलेले होते. मार्च १९७४ मध्ये पाचव्याला तडा गेल्याचे दिसले, तेव्हा तो काढून घेऊन चौथा आणि सहावा एका तात्पुरत्या पाइपने जोडण्यात आला. दोन्ही रिॲक्टरांची तोंडे २८ इंचांची होती, हातात पाइप २० इंचांचा होता. दोघांची उंची वेगळी असल्याने तो पाइप दोन ठिकाणी वाकवावा लागला, दोन्ही टोकांना लवचीक बेलोज (घड्यांचे जोड) होते आणि खालून आधार परांचीचा. त्याचे एकमेव रेखाचित्र वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेले होते. त्या काळात कारखान्यात वर्क्स इंजिनिअरची जागा रिकामी होती, त्यामुळे हे चित्र पाहून "थांबा" म्हणू शकेल असा माणूसच तिथे नव्हता.

हा पाइप दोन महिने टिकला. दोन महिने म्हणजे साठ वेळा कोणीतरी "काही झाले का?" असे म्हणू शकले असते. १ जून १९७४ रोजी शनिवारी दुपारी तो निसटला. १५५ अंशांचे, दाबाखालचे सायक्लोहेक्झेन बाहेर पडून त्याचा ढग झाला आणि पेटला. २८ माणसे गेली, त्यांपैकी १८ कंट्रोल रूममध्ये होती. कामाचा दिवस असता तर हा आकडा कितीतरी मोठा झाला असता.

आज कोणत्याही मोठ्या कारखान्यात पाइपचा तुकडा बदलायचा तरी जो "मॅनेजमेंट ऑफ चेंज"चा फॉर्म भरावा लागतो आणि ज्याच्या नावाने आपण सगळे खडे फोडतो, त्यामागे फ्लिक्सबरोचा मोठा वाटा आहे.

बंब_क्रमांक_सात

मी अग्निशमन दलात आहे. आमचा प्रश्न फाटकापासून सुरू होतो. आत नेमके काय आहे आणि किती आहे, हे सांगू शकणारा माणूस आम्ही पोहोचतो तेव्हा एकतर जखमी असतो किंवा घरी असतो. फाटकावरच्या रखवालदाराला "केमिकल आहे" एवढेच माहीत असते. सोडियम असेल तर पाणी मारायचे नाही. द्रावकाला फोम लागतो, आणि तोही अल्कोहोल असेल तर वेगळा. शेजारच्या भांड्यात ऑर्गॅनिक पेरॉक्साइड असेल तर ते आधी थंड राखावे लागते. चीनमधील तिआनजिन येथे १२ ऑगस्ट २०१५ रोजी रसायनांच्या गोदामात स्फोट होऊन १६५ जण मृत्युमुखी पडले आणि ८ बेपत्ता झाले. मृतांपैकी निम्म्याहून अधिक अग्निशमन कर्मचारी होते.

शिवाय आम्ही मारलेले पाणी जाते कुठे, याचाही विचार आधी व्हावा लागतो. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, तेव्हा ती विझवताना वापरलेले पाणी कीटकनाशकांसह ऱ्हाइन नदीत गेले आणि मैलोन्मैल मासे मेले. माझी एकच विनंती आहे: साठ्याची आजची यादी फाटकावर, जलरोधक पेटीत ठेवा. गेल्या वर्षीची यादी ठेवू नका.

पारा_चढला

आमच्या फाटकावर यादी आहे. तिच्यातले निम्मे पदार्थ आम्ही बनवणे बंद केले आहे आणि उरलेल्या निम्म्यांची नावे वाळवीने खाल्ली आहेत. हा विनोद नाही, उद्या बदलायला सांगतो.

प्रयोगवही

आणखी एक मुद्दा राहिला. ब्रिटनमधील रसायन अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ आयुष्यभर सांगत राहिले, की धोकादायक पदार्थ सांभाळत बसण्यापेक्षा तो मुळात कमी ठेवावा. इंटरलॉक, रप्चर डिस्क (दाब वाढला की फुटणारी चकती), स्प्रिंकलर ही सगळी नंतरची मलमपट्टी आहे. रात्रपाळी, तुमच्या रिॲक्टरमध्ये डोझिंगचा वेग इतका कमी ठेवता येईल का, की आलेला थेंब लगेच वापरला जाईल आणि पंप थांबताच उष्णताही थांबेल? तसे असेल तरच तुमच्या इंटरलॉकला अर्थ आहे. पदार्थ आत साचत असेल तर ट्रिप येईपर्यंत उशीर झालेला असतो.

अंकगणित

मूळ प्रश्नाकडे परत येतो. जर्मनीतील ओपाऊ येथे अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांच्या खताचा ढीग घट्ट झाला की तो सैल करण्यासाठी डायनामाइट वापरत. हजारो वेळा वापरले, काही झाले नाही. दरम्यान खत वाळवण्याची पद्धत बदलली होती. २१ सप्टेंबर १९२१ रोजी त्याच ढिगाचा स्फोट होऊन पाचशेहून अधिक माणसे ठार झाली. सायलोत सुमारे ४५०० टन माल होता आणि त्याचा दहावा भागच फुटला, असे मानले जाते. "आजवर" या शब्दात "सगळे पूर्वीसारखेच आहे" असे गृहीत असते. वरिष्ठांना तेवढेच विचारा: सगळे पूर्वीसारखेच आहे का?

रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे.

मी प्रयोगवही यांचा प्रश्न आणि जुना_ढवळ्या यांची फ्यूजची गोष्ट वरिष्ठांना सांगितली. गोष्ट त्यांनी पूर्ण ऐकली. दुसऱ्या दिवशी इन्स्ट्रुमेंटचा माणूस आला. सेन्सरच्या जंक्शन बॉक्सला ग्लँडच (केबलभोवतीचे भोक बंद करणारा जोड) नव्हता, केबल उघड्या भोकातून आत गेली होती आणि जमीन धुताना पाण्याचे शिंतोडे आत जात होते. चारही ट्रिप जमीन धुण्याच्या वेळच्या होत्या. ग्लँड बसवला, वायरचा तुकडा काढला, दुसरा सेन्सर मागवला आहे. प्रयोगवही यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे निघाले: पंप थांबवल्यानंतरही तापमान अकरा अंश चढते. डोझिंगचा वेग आता निम्म्यावर आणला आहे आणि बॅचला दोन तास जास्त लागतात.

गेज_वाचक यांच्या सूचनेनुसार बायपासची वही सुरू केली. मुदत आठ तासांची ठेवली. काल चाळली तेव्हा दुसऱ्या एका पंपाच्या बायपासचे लागोपाठ पाच वेळा नूतनीकरण झालेले दिसले. पाचही सह्या एकाच माणसाच्या आहेत, आणि एकाच पेनाने, बहुधा एकाच बैठकीत केलेल्या आहेत.

गेज_वाचक

आमच्याकडेही पहिल्या महिन्यात हेच झाले होते. पहिल्या नूतनीकरणाला शिफ्ट इन्चार्जची सही चालते, दुसऱ्याला प्लांटच्या प्रमुखाची लागते आणि तिसऱ्याला नूतनीकरण नाही, थेट डोझिंग बंद. सहीशेजारी वेळ आणि त्या क्षणाचे स्थानिक तापमान लिहायला लावा. तापमान लिहायचे असले की माणसाला जागेवरून उठून तिथे जावे लागते.

रात्रपाळी

तो रकाना आजच आखतो.